सांभाळणाऱ्या मावशींनी धावत्या गाडीत बाळाला सीटमधून काढले, तर

आमचे बाळ चौदा महिन्यांचे असताना मुलुंडहून दादरच्या आजीकडे जाताना पूर्व द्रुतगती मार्गावर रडू लागले, आणि आमच्याकडेच राहून त्याला सांभाळणाऱ्या मावशींनी गाडीतल्या त्याच्या लहान मुलांच्या सीटचे बकल सोडून त्याला दादरपर्यंत मांडीवर घेतले. संध्याकाळी ड्रायव्हरने सहज बोलता बोलता हे सांगितले, तेव्हा मी सर्वांसमक्ष जो आवाज चढवला, तिथेच माझी पहिली चूक झाली.

त्या दिवशी करायच्या गोष्टी दोनच आहेत. जोराचा ब्रेक लागून बाळाला मार बसला होता का, हे विचारावे, आणि बसला असेल व त्यानंतर उलटी, गुंगी किंवा न थांबणारे रडणे दिसले, तर उशीर न करता दवाखाना गाठावा. दुसरे म्हणजे, नीट बोलणे होईपर्यंत बाळाला घेऊन मावशींनी गाडीने कुठेही जायचे नाही, एवढेच शांतपणे सांगावे. बाकीचे दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे. चोवीस तास आपल्या घरात राहणाऱ्या बाईची नोकरी आणि डोक्यावरचे छप्पर एकाच दोरीला बांधलेले असते. सासूबाईंसमोर आणि ड्रायव्हरसमोर तिचा पाणउतारा झाला, तर पुढची चूक ती आपल्यापर्यंत येऊच देणार नाही.

दुसऱ्या दिवशी बाळ झोपल्यावर समोरासमोर बसून ‘काय झालं होतं?’ असे विचारावे. ‘का केलंत?’ या प्रश्नाला माणूस सफाईच देतो. आमच्या मावशी म्हणाल्या, “ताई, पोर घामाघूम झालं होतं, पट्टा रुतत होता. आणि मी चार नातवंडं मांडीवर घेऊन एसटीने गावाला नेली आहेत.” या उत्तरात दोन कारणे होती. मांडी हीच सर्वांत सुरक्षित जागा, ही आयुष्यभराची समजूत हे एक. दुसरे तपासायला मी खाली पार्किंगमध्ये गेले, तर खांद्याचे पट्टे चार महिन्यांपूर्वीच्याच खाचेत, खांद्याच्या बऱ्याच खाली राहिलेले होते. मागे तोंड असलेल्या, म्हणजे बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला राहते अशा सीटमध्ये ते खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खाली हवेत. बाळ वाढले की खाच बदलायची असते, आणि ते काम माझे होते. हे मी मावशींजवळ कबूल केले.

मांडीची समजूत व्याख्यानाने जात नाही. मी मावशींना मागच्या सीटवर बेल्ट लावून बसवले, मांडीवर दहा किलो तांदळाची पिशवी दिली आणि सोसायटीच्या रिकाम्या आवारात, अगदी कमी वेगात, ड्रायव्हरला ब्रेक दाबायला सांगितला. पिशवी गुडघ्यांपर्यंत सरकली. मग हिशोब सांगितला: ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. मावशी काही वेळ पिशवीकडेच पाहत राहिल्या.

त्यानंतर उभ्या गाडीत खऱ्या बाळावर त्यांच्याच हातांनी सराव करून घ्यावा. पट्टे पिळलेले नसावेत, बकलचा ‘टक’ असा आवाज यावा, आणि गळ्याच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत धरून पाहिल्यास त्याची घडी पकडता येऊ नये. आपण ओणवे होऊन मदत करू नये. पाचव्या खेपेला हात आपोआप चालतो. मागे तोंड असलेली सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही बसवू नये, हेही तेव्हाच सांगावे.

नियम एकच, पण तो दोघांसमोर सांगावा: गाडी पूर्ण थांबेपर्यंत बकलला हात लावायचा नाही, आणि मावशींनी थांबा म्हटले की ड्रायव्हरने सर्व्हिस रोड किंवा पेट्रोल पंप गाठून थांबायचे. बाळ मांडीवर दिसत असूनही गाडी चालवत राहणारा ड्रायव्हरही तितकाच चुकलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मूल बेल्टने किंवा मुलांच्या सीटमध्ये सुरक्षित बसवलेले नसेल, तर १००० रुपये दंड वाहन चालवणाऱ्याला, किंवा तसे चालवू देणाऱ्याला होतो, म्हणजे बोट आपल्याकडेही येते. मावशींचा स्वतःचा बेल्टही विसरू नये. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागे बसणाऱ्यांनाही तो सक्तीचा केला आहे.

काही चुका मात्र शिकवण्याच्या पलीकडच्या असतात. बाळाला बंद गाडीत एकटे ठेवून दुकानात जाणे ही त्यातली एक, कारण उन्हात उभ्या गाडीतले तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढते आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते. समजावूनही पुन्हा बकल सोडणे आणि ते लपवणे ही दुसरी. अशा वेळी काम थांबवावे, पण पूर्ण पगार देऊन आणि राहण्याची सोय होईपर्यंत चार दिवस देऊन; रात्री पिशवी हातात देऊन बाहेर काढू नये.

टॅक्सीचा प्रश्न उरतो. मागच्या बेल्टची बकले अनेकदा सीट कव्हरखाली दडपलेली असतात, आणि एका हातात बाळ असताना मावशींनी ती शोधावीत ही अपेक्षा चुकीची आहे. आमची गाडी नसेल त्या दिवशी त्या दुपारच्या कमी गर्दीच्या लोकलने दादरला जातात.