घानाचा इतिहास वाचायचाय? मग 'घाना साम्राज्या'पासून सुरू करू नका

सगळ्यात आधी नकाशा उघडा. बहुतेक जण इथेच फसतात, मीपण फसलो होतो, कारण पुस्तकात जे जुनं घाना साम्राज्य येतं ते आजच्या घानात नव्हतंच, ते तिथून शेकडो किलोमीटर लांब, आजच्या मॉरिटानिया आणि मालीत होतं. १९५७ ला स्वतंत्र होताना फक्त नाव घेतलं, त्याआधी हा देश म्हणजे गोल्ड कोस्ट.

मग किनाऱ्यावर या. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ ला बांधायला घेतला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचायच्या १६ वर्षं आधी! आले सोन्यासाठी, पुढे १६३७ ला डचांनी तो घेतला आणि माणसांचा व्यापार वाढत गेला. किल्ले भरपूर आहेत, सगळे वाचत बसाल तर कंटाळाल, एल्मिना आणि केप कोस्ट पुरे.

आता किनारा सोडून आत, असांते लोकांच्या राजधानीला, कुमासीला चला, खरी मजा इथे आहे, निम्मा वेळ इथेच घालवा. ओसेई टुटूने १७०१ ला डेंकियिरा नावाच्या राज्याला हरवून असांते राज्य उभं केलं, त्याचं प्रतीक म्हणजे सोन्याचं आसन. त्यावर बसायचं नाहीच, त्यात सगळ्या असांते लोकांचा आत्मा आहे असं मानतात. एवढं कळलं की १९०० चं युद्ध वेगळं समजावून सांगावं लागत नाही: ब्रिटिश गव्हर्नर हॉजसनने तेच आसन बसायला मागितलं, राजा प्रेंपे आधीच त्यांच्या कैदेत, मग एजिसू गावची राजमाता, नाव 'याआ असांतेवा', लढायला उठली. युद्ध ब्रिटिशांनी जिंकलं, आसन काही हाती लागलं नाही.

त्यानंतरची कोकोची शेती वगैरे भराभर वाचा, आणि थेट २८ फेब्रुवारी १९४८ वर थांबा. ब्रह्मदेशात ब्रिटिशांसाठी लढून आलेले सैनिक आपल्या हक्काचं मागायला राजधानी आक्रात मोर्चा घेऊन निघाले, तर त्यांच्यावरच गोळीबार, तिघं गेले, शहर पेटलं. तिथून पुढे सगळं झपाट्याने होतं, स्वातंत्र्य चळवळीचा नेता क्वामे एन्क्रुमा तुरुंगात, १९५१ ची निवडणूक तुरुंगातूनच जिंकला आणि बाहेर येऊन सरकारच चालवायला लागला.

तारखा पाठ करायच्या नसतील तर एकच करा, ६ मार्च. १८४४ ला याच दिवशी किनाऱ्यावरच्या फांटे लोकांच्या सरदारांनी करारावर सह्या करून खुना-दरोड्याचे खटले ब्रिटिशांपुढे चालवायला मान्यता दिली, आणि १९५७ ला याच दिवशी ब्रिटिशांचा झेंडा उतरला.