खासगी माळावर संवर्धनाचं काम : पंचायतीकडून पैसा कसा मिळवायचा

आटपाडी-जत किंवा माण-खटावात ज्यांच्या सातबाऱ्यावर दोन-चार एकर माळ पोटखराब (लागवडीला न येणारा) म्हणून पडून आहे, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘माळ नाही फोडला, गवत राखलं, तर पंचायत काय देणार?’ रोख सहसा काहीच नाही. पंचायत देते ते काम : चर, बांध, रोपं, मजुरी. म्हणून मागणी अनुदानाची नको, कामाची करा. निम्मे हेलपाटे तिथेच वाचतात.

आधी कागद. चालू सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा आणि जॉबकार्ड. सातबाऱ्यावर भाऊ-बहिणींची नावं असतील तर सगळ्यांचं संमतीपत्र आत्ताच घ्या. मंजुरी आल्यावर रुसवेफुगवे निघाले की फाईल तिथेच बसते.

मग पैसा कुठून येणार ते ठरवा. वित्त आयोगाच्या निधीवर फार भिस्त ठेवू नका. 15 व्या आयोगाने 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, आणि एकाच्या मालकीच्या रानात तो खर्चला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो. त्यावर तोडगा म्हणून कुणी बक्षीसपत्र मागितलं तर सही करण्याआधी नीट वाचा, त्यात जमीनच जाते. खासगी जमिनीसाठी खरा रस्ता रोजगार हमीचा. अल्प व अत्यल्प भूधारक, म्हणजे दोन हेक्टरपर्यंतचे शेतकरी, अनुसूचित जाती-जमातीची कुटुंबं, महिला कुटुंबप्रमुख अशांच्या रानात मनरेगातून चर, बांधबंदिस्ती, बांधावरची झाडं धरता येत आली आहेत. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे, तेव्हा आजचे निकष पंचायत समितीच्या रोहयो कक्षात विचारूनच अर्ज भरा.

आता ग्रामसभा. सगळं अडतं ते इथे. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची जुळवाजुळव 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. जानेवारीत जाग आली तर वर्ष गेलंच म्हणा. ठराव मोघम नको. ‘पर्यावरण संवर्धनासाठी मदत करावी’ असल्या ठरावावर कुणी अंदाजपत्रक काढत नाही. असा लिहून घ्या : ‘गट क्रमांक अमुक, क्षेत्र 0.80 हेक्टर, उतारावर सलग समतल चर खोदणे, चराच्या भरावावर मारवेल व पवन्याचं बी टोकणे, तीन वर्षं चराईबंदी. जमीनधारकाची संमती सोबत.’ सूचक-अनुमोदकाची नावं इतिवृत्तात आली का ते पाहून नक्कल त्याच आठवड्यात मागा. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नक्कल मात्र पूर्वीसारखीच, मागे लागल्याशिवाय हातात पडत नाही.

ठरावानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश. आदेशाआधी कुदळ मारू नका. स्वतःच्या पैशाने आधी खोदलेल्या चराचं बिल कोणी काढत नाही. काम सुरू होण्यापूर्वी, चालू असताना आणि संपल्यावर एकाच जागेवरून फोटो काढून घ्या, आणि मोजमापाच्या दिवशी रानात हजर राहा.

माळावर सरसकट झाडं लावू नका. लांडगा, खोकड, माळढोक-चंडोलासारखे पक्षी उघड्या गवताळ रानातच राहतात. तिथे गिरिपुष्पासारख्या बाहेरून आलेल्या झाडाची रांग उभी केली की खड्डे मोजायला सोपे, बाकी फायदा शून्य. झाडं हवीत तर बांधावर, आणि बोर, हिवर, बाभूळ अशी इथलीच.

एक कोपरा बहुतेक गावांत धूळ खात असतो. जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि कलम 43 प्रमाणे समितीसाठी स्थानिक जैवविविधता निधी. खातं उघडलंय का, शिल्लक किती, लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या वहीत) तुमचा माळ आहे का, हे ग्रामसभेत विचारा. खात्यात बहुधा खडखडाटच निघेल. तरी नोंदवहीत माळ आलेला असला तर जिल्हा परिषदेच्या सेसमधून (उपकराच्या निधीतून) किंवा सामाजिक वनीकरणाकडे काही मागताना कागद वजनदार होतो.

चांदोली-कोयनेच्या जंगलाच्या कडेला जमीन असेल तर कोणीतरी ‘समुदाय राखीव’, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेलं क्षेत्र, सुचवेल. वन्यजीव कायद्याच्या कलम 36-क (इंग्रजीत 36C) खाली मालकाने स्वेच्छेने दिलेली खासगी जमीनही तशी जाहीर होते. पण एकदा जाहीर झाली की समितीचा ठराव आणि शासनाची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. घरी मुलांना, पुण्या-मुंबईतल्या भावांना बसवून विचारा, मगच होकार द्या.