लंडनच्या ट्यूबमध्ये कार्ड की फोन? एकच काय ते ठरवा

लंडनला मुलांकडे निघाला असाल, तर ट्यूबचं, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचं, तिकीट काढायला रांगेत उभं राहू नका. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड पिवळ्या गोल रीडरवर टेकवलं की फाटक उघडतं. उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. काही स्टेशनांवर फाटकच नसतं, नुसता रीडर उभा असतो. तिथे विसरलात तर प्रवास अर्धवट धरून जबर भाडं कापलं जातं.

खरी गोम पुढेच आहे. सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि संध्याकाळी तेच कार्ड फोनमधून, असं करू नका. खातं एकच असलं तरी यंत्रणेच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी! दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, तिच्यापुढे पैसे कापत नाहीत. पण अशी मिसळ केली की हा हिशेब फुटतो. आठवड्याची मर्यादाही आहे, ती सोमवार ते रविवार मोजतात. दोघांत एक कार्डही चालत नाही, ज्याचं त्याचं वेगळं हवं.

भारतीय कार्ड असेल तर निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार सुरू करा, परकीय चलनाचं शुल्कही विचारून घ्या.

आणि हो, लेस्टर स्क्वेअरहून कॉव्हेंट गार्डनला ट्यूबने जाऊ नका. अंतर जेमतेम 260 मीटर. गेलातच, तर लिफ्टची गर्दी पाहून जिना धरू नका, 193 पायऱ्या आहेत.