गळाला मरळ, हातात वेली

आमचा मामा तलाव (भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावाला हेच म्हणतात) कमळवेलींनी भरलेला. दोन रविवार पाळीवर (तलावाच्या बांधावर) बसलो. मरळ मासा ओढायचा, गळ वेलीत गुंतायचा, तंगूस (गळाचा नायलॉन धागा) तुटायची.

काकाजी म्हणाले, "अरे, गांडूळ खाली कायले सोडतोस? मरळ हवा घ्याले वर येते."

मग रबरी बेडूक (गळ लावलेलं खोटं आमिष) आणला. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले, म्हणून पानांवरून सरकतो. रिळावरची तंगूस काढून विणलेली दोरी भरली. मरळ हवा घ्यायला आली की उठणाऱ्या बुडबुड्याच्या पलीकडे टाकून थांबत-थांबत ओढला. पाणी फाटलं, मी घाईत झटका दिला. बेडूक रिकामाच आला! पुढच्या वेळी मनात तीन मोजले, मग ओढलं. सव्वा किलो.

पावसाळ्यात पिल्लांचा लालसर घोळका दिसला, तर तिथं टाकत नाही. आईबाप राखणीला असतात.