पीएम किसानचा हप्ता नेमका कोणत्या खात्यात गेला?

यादीत नाव आहे, हप्ता जमा झाल्याचंही दिसतं, पण पासबुकात २,००० रुपये नाहीत. अशा वेळी तलाठी कार्यालयात हेलपाटा मारण्याआधी एवढं करा.

१. ‘माय आधार’च्या वेबसाइटवर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करा. आधारला मोबाइल जोडलेला हवा.
२. ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. सरकारी योजनांचे पैसे घ्यायला आधारशी कोणती बँक जोडली आहे, ते इथे कळतं; हप्ता त्याच बँकेत जातो. तिथे ज्या बँकेचं नाव दिसेल, तिथलं पासबुक भरून घ्या. बऱ्याचदा ते मागे कधीतरी उघडून विसरलेलं खातं निघतं. पोस्टमननं घरी येऊन उघडून दिलेलं पोस्ट पेमेंट्स बँकेचंही असू शकतं.
३. बँक बदलायची असेल, तर हव्या त्या शाखेत ‘डीबीटीसाठी (योजनेचे पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग’चा अर्ज द्या. नुसतं ‘आधार जोडा’ म्हणू नका. केवायसीला आधार दिलेलं असलं की ‘जोडलेलंच आहे’ म्हणून परत पाठवतात. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा पाहा.

एका वेळी एकाच बँकेला सीडिंग राहतं, त्यामुळे गॅस आणि इतर योजनांचे पैसेही नव्या खात्यातच येतील.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली तर उघडू नका. उघडली की भामटे खातं रिकामं करतात.