कपाटात जुने ट्रॅव्हलर्स चेक सापडले तर

परवा बाबांच्या जुन्या पासपोर्टच्या पाकिटात 50 डॉलरचे चार ट्रॅव्हलर्स चेक (परदेशात रोख पैशांऐवजी वापरायला आधीच पैसे भरून घेतलेले चेक) निघाले, अमेरिकेहून आल्यावर तसेच राहून गेलेले. आता हे दुकानात, हॉटेलात सहसा कुणी घेत नाही, पण म्हणून फाडून टाकू नका! अमेरिकन एक्सप्रेसच्या चेकला एक्स्पायरी नसते, पैसे मिळतात.

1. आधी सगळे सिरीयल नंबर वहीत लिहून घ्या आणि ती वही चेकपासून लांब ठेवा, चेक हरवले तर रिफंडसाठी हेच नंबर विचारतात.
2. मग कंपनीच्या वेबसाइटवरून क्लेम करा, ओळखपत्र आणि बँक डिटेल्स जवळ ठेवा.

एकच सांभाळा, चेकवरची वरची सही चेक विकत घेतानाच केलेली असते, खालची रिकामी जागा घाईघाईत भरू नका, सांगतील तेव्हाच आणि ज्याचे चेक आहेत त्यानेच तिथे सही करायची.