साबिर वाचताना आधी विचारा, बोलतोय कोण?

अझरबैजानी कवी मिर्झा अलेकबेर साबिरची पहिली कविता मी साफ चुकीची वाचली. 'ओखुतमुराम, अल चेकिन!' म्हणजे 'नाही शिकवत पोराला, पिच्छा सोडा!' हे मला कवीचंच मत वाटलं. शिक्षणाचा वैरी दिसतोय, असं म्हणून पुस्तक मिटलं. मग कळलं की याच माणसानं १९०८ साली अझरबैजानमधल्या शामाखी गावात शाळा काढली होती. तिचं नाव 'उमिद', म्हणजे आपली उमेदच.

तेव्हापासून अझरबैजानी उपहासाची कविता उघडली की मी आधी समासात लिहितो: बोलणारा कोण? साबिर ज्याच्यावर चिडलेला असतो, त्यालाच बोलायला लावतो. 'ओखुतमुराम' म्हणणारा बाप आहे. त्याला घरातला बाप समजूनच वाचा, आवाज चढवून.

दुसरं काम कानाचं. तिफ्लिसहून, म्हणजे आजच्या तिबिलिसीहून, निघणाऱ्या 'मोल्ला नस्रेद्दीन' साप्ताहिकात साबिर 'होप-होप', म्हणजे हुदहुद पक्षी, अशा टोपणनावांनी लिहायचा. भाषा बाजारातली, पण बांधणी गझलेची. रदीफ-काफिया ओळखणाऱ्या मराठी वाचकाला इथे वाट सोपी आहे. १९०६ ची ही ओळ मोठ्यानं म्हणा:

'मिल्लत नेजे ताराज ओलूर ओल्सून, ने इशिम वार?'

'मिल्लत' म्हणजे समाज. 'ताराज' आपल्या बखरींतलाच, मुलूख ताराज केला तो. 'इश' म्हणजे काम, 'ने इशिम वार' म्हणजे 'माझं काय काम?' 'ओलूर ओल्सून, ने इशिम वार' हा सगळा रदीफ, पुन्हा पुन्हा येणारा. मराठीत आणताना 'माझा काय संबंध' असं शिष्ट करू नका. 'समाज लुटला जातोय? जाऊ दे, मला काय त्याचं!' असंच येऊ द्या.

आता काफिये, म्हणजे रदीफाच्या आधीचे यमकाचे शब्द, एकाखाली एक लिहा. ताराज, मग मोहताज. पहिला फारसी, दुसरा अरबी, दोन्ही भारदस्त. पुढच्या जोडीत कवितेतला बोलणारा म्हणतो, माझं पोट भरू दे, जग 'आज' राहिलं तर राहू दे. हा 'आज' घरगुती तुर्की शब्द. पुस्तकी शब्दांच्या रांगेत हा एवढासा शब्द आला की माझा आवाज अजूनही अडतो. तिथे घाई करू नका. त्याचा अर्थ भुकेला.